मानसशास्त्राच्या जर्नलला संशोधनलेख पाठवण्यापूर्वी त्याची तयारी कशी करावी?

सोलापुरातील यंत्रमाग कामगारांचा ताण आणि झोप या विषयावरचा तुमचा प्रबंध पूर्ण होत आला आहे, त्यातून एक लेख मानसशास्त्राच्या चांगल्या जर्नलला पाठवायचा आहे, आणि तुमच्या गाइडनी ‘दोन प्रकरणे कापा, एपीए फॉरमॅटमध्ये बसवा आणि पाठवून द्या’ असे सांगितले आहे (एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, तिची लेखनशैली मानसशास्त्रात वापरतात). तर नेमके काय काय करावे लागेल, असा तुमचा प्रश्न आहे. मी सोलापुरातच एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. विडी कामगार महिलांवरचा माझा पहिला लेख दोन जर्नलांकडून परत आला आणि तिसऱ्याने छापला. त्या दोन नकारांपैकी एकही फॉरमॅट चुकला म्हणून आलेला नव्हता. म्हणून या उत्तराची सुरुवात मी फॉरमॅटपासून करत नाही.

प्रबंध परीक्षकांसाठी असतो. आपण सगळे वाचले आहे, सगळ्या चाचण्या लावल्या आहेत, हे त्यात दाखवायचे असते, आणि त्यामुळे वय, शिक्षण, पाळी, कुटुंबाचा प्रकार अशा प्रत्येक गोष्टीवर एक-एक परिकल्पना उभी राहते. लेखाचा वाचक मात्र एकच प्रश्न घेऊन येतो. तेव्हा प्रकरणे कापण्याऐवजी कोरी फाइल उघडावी, आपला एक प्रश्न दोन ओळींत लिहावा आणि त्या प्रश्नाला लागेल तेवढेच प्रबंधातून आणावे. इथे एक धोका आहे: प्रश्न निवडताना ज्या परिकल्पनेचा निष्कर्ष सार्थ, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर दखलपात्र, आला तीच उचलायची आणि बाकीच्या कधी तपासल्याच नव्हत्या असे भासवायचे, हा मोह बहुतेकांना होतो. त्याला बळी पडू नये. मोठ्या सर्वेक्षणाचा हा भाग आहे, त्यात आणखी अमुक मापन्या (म्हणजे गुण देता येतील अशा प्रश्नावल्या) भरून घेतल्या होत्या, असे पद्धतीच्या विभागात एका वाक्यात सांगावे. आणि त्याच माहितीवर दुसरा लेख पाठवला असेल किंवा पाठवणार असाल, तर तेही संपादकांना लिहिण्याच्या पत्रात उघड करावे.

लेखाचा जीव पद्धतीच्या विभागात असतो आणि आपल्याकडचे लेख बहुधा तिथेच आपटतात. आपण सवयीने लिहून जातो की, ‘यादृच्छिक पद्धतीने सोलापूर शहरातील दोनशे कामगारांची निवड करण्यात आली, त्यांपैकी शंभर दिवसपाळीचे व शंभर रात्रपाळीचे होते.’ हे वाक्य वाचणाऱ्या रिव्ह्यूअरला, म्हणजे जर्नलने नेमलेल्या परीक्षकाला, लगेच प्रश्न पडतात: यादृच्छिक म्हणजे कोणत्या यादीतून, बरोबर शंभर-शंभर कसे भरले, आणि ‘नको’ म्हणणारे किती होते? यंत्रमाग कामगारांची पूर्ण यादी तुमच्या हातात नसेल, तर यादृच्छिक निवड झालेलीच नाही. बहुधा तुम्ही ओळखीच्या कारखानदाराकडे गेला असाल, त्याने ‘जेवणाच्या सुट्टीत या’ म्हटले असेल आणि जे भेटले त्यांना विचारले असेल. याला सोयीचे नमुनाकरण म्हणतात आणि तसे लिहिल्याने लेख नाकारला जात नाही. किती जणांना विचारले, किती जण तयार झाले, किती प्रश्नावल्या अर्धवट म्हणून बाजूला काढल्या, हे आकडे द्यावेत. मालकाच्या ओळखीने आत गेला असाल तर तेही लिहावे, कारण मालकाच्या माणसासमोर कामाच्या ताणाविषयी कामगार किती मोकळेपणाने बोलेल, हा प्रश्न रास्त आहे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘प्रश्नावली शांत वातावरणात भरून घेण्यात आली’ असे वाक्य होते, कारण ते आम्ही पाहिलेल्या प्रत्येक प्रबंधात होते. प्रत्यक्षात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराच्या उंबऱ्याशी एक बाई मांडीवर सूप घेऊन बसली होती, मापात कापलेली पाने ओल्या फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली होती, आणि मी प्रश्न वाचत असताना तिची बोटे पानात तंबाखू भरून, वळून, दोरा गुंडाळून विडी सुपात टाकत होती. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे माझ्यासाठी हात थांबवणे तिला परवडणारे नव्हते. सासू शेजारीच बसली होती. ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन उदास होते’ हा प्रश्न मी सासूच्या देखत विचारला, ‘तसं काही नाही’ असे उत्तर आले आणि मी शून्यावर खूण केली. दुसऱ्या जर्नलच्या रिव्ह्यूअरने नेमके ते ‘शांत वातावरण’ उचलून विचारले की, घरीच काम करणाऱ्या महिलांच्या घरात तुम्हाला शांत खोली कशी मिळाली. पुढच्या मसुद्यात आम्ही लिहिले की, प्रश्न मुलाखतकर्तीने वाचून दाखवले, काम सुरू असतानाच उत्तरे घेतली आणि अनेकदा घरातली दुसरी व्यक्ती हजर होती. नेमक्या किती मुलाखतींत ती हजर होती याची नोंद आम्ही ठेवलेली नव्हती, त्यामुळे मर्यादांच्या परिच्छेदात तशी कबुली द्यावी लागली. तुमच्या बाबतीत मागांच्या खडखडाटात प्रश्न ओरडून विचारावे लागले असतील, किंवा रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसाला फाटकाशीच थांबवून झोपेविषयी विचारले असेल, तर ते जसे घडले तसे लिहा.

दुसरा मुद्दा मापनीच्या भाषेचा. मूळ मापनी इंग्रजीत असेल तर ‘मराठी रूपांतर वापरले’ एवढे पुरत नाही. रूपांतर कोणी केले, दुसऱ्या व्यक्तीने मूळ न पाहता ते उलट इंग्रजीत आणले का, दोन्ही ताडून काय बदलले, हे सांगावे लागते. उलट भाषांतराची ही पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली आणि आजही रिव्ह्यूअर तिचीच विचारणा करतात. जीएडी-७ या चिंतेच्या मापनीतल्या पहिल्याच विधानात ‘ऑन एज’ असा शब्दप्रयोग आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने त्याचे ‘काठावर असल्यासारखे वाटणे’ असे रूपांतर केले, आणि ते ऐकून एका आजींनी ‘कुठल्या काठावर, तळ्याच्या?’ असे विचारले. सिद्धेश्वर तलावाच्या गावात हा प्रश्न साहजिकच होता. शेवटी ‘जिवाला स्वस्थता नसणे’ असे केले. पूर्व भागात तर घरची भाषा तेलुगू असलेली माणसे पुष्कळ आहेत. ती मराठी उत्तम बोलतात, परंतु मनाच्या अवस्थेविषयी मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेलुगूत विचार करून देतात. तुमच्या प्रतिसादकांची घरची भाषा कोणती होती हा आकडा असेल तर तक्त्यात द्या. झोपेच्या प्रश्नावलीत ‘रात्री किती वाजता झोपता’ असा प्रश्न असेल, तर सकाळी आठला घरी येऊन झोपणाऱ्या कामगाराने त्याचे उत्तर कसे दिले, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

मापनीची विश्वसनीयता मॅन्युअलमधून उतरवणे ही आणखी एक जुनी सवय. क्रोनबॅकचा अल्फा (मापनीतली विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) तुमच्या स्वतःच्या नमुन्यावर काढून द्यावा लागतो, कारण तो मापनीचा कायमचा गुणधर्म नसून त्या नमुन्यातल्या गुणांवर अवलंबून असतो. परवानगीचेही तपासा: नैराश्याची पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या मापन्या परवानगी न घेता वापरता येतात, बेक यांच्या नैराश्याच्या मापनीसारख्या अनेक मापन्यांवर प्रकाशकाचा हक्क आहे आणि तिची झेरॉक्स वापरली असेल तर पेच उभा राहतो.

नीतिसमितीची मान्यता नंतर मिळवता येत नाही. माहिती गोळा करण्यापूर्वीची मान्यता, तिचा क्रमांक आणि दिनांक लेखात द्यावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सामाजिक व वर्तनविषयक आरोग्यसंशोधनालाही लागू आहेत. तुमच्याकडे मान्यता नसेल आणि फक्त संमतिपत्रे असतील, तर तसे स्पष्ट लिहून आधी संपादकांना ई-मेलने विचारा. मागची तारीख घालून पत्र मिळवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

निष्कर्षांच्या विभागात एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचे तक्ते जसेच्या तसे चिकटवू नयेत. त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘.०००’ असे दिसते, म्हणून आपले विद्यार्थी ‘पी = .०००’ असे लिहितात (पी म्हणजे प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता). संभाव्यता शून्य कधीच नसते, तिथे ‘पी < .००१’ असे लिहायचे असते, आणि अन्यत्र ‘पी < .०५’ असे मोघम न लिहिता नेमकी किंमत द्यायची असते. पी किंवा सहसंबंध गुणक यांसारखी जी संख्या एकापेक्षा मोठी होऊच शकत नाही, तिच्या दशांशचिन्हाआधी एपीए शैलीत शून्य लिहीत नाहीत. फरक सार्थ आहे एवढे सांगून भागत नाही. तो किती मोठा आहे हे परिणामाच्या मापाने, उदाहरणार्थ कोहेनच्या डीने (दोन सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या पटीत सांगणारे माप), आणि खरा फरक साधारण कोणत्या मर्यादांत असू शकेल हे सांगणाऱ्या ९५ टक्के विश्वास अंतरालाने दाखवावे लागते. शिवाय दिवसपाळी-रात्रपाळीच्या तुलनेतून रात्रपाळीमुळे झोप बिघडते असा कार्यकारणभाव तुम्हाला काढता येणार नाही, कारण रात्रपाळी कोणाच्या वाट्याला येते हे तुम्ही ठरवलेले नव्हते.

आता फॉरमॅट. एपीएच्या प्रकाशनपुस्तिकेची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. ग्रंथालयात सहावी असेल तर तिच्यावर विसंबू नका. सातवीत तीन किंवा अधिक लेखक असल्यास पहिल्याच उल्लेखापासून पहिले नाव आणि ‘व इतर’ या अर्थाचे संक्षिप्त रूप येते, संदर्भसूचीत वीसपर्यंत लेखकांची नावे द्यावी लागतात आणि पुस्तकाच्या प्रकाशनाचे गाव गाळले जाते. सारांश साधारण २५० शब्दांच्या आत आणि सगळ्यात शेवटी लिहावा. ‘निष्कर्षांची चर्चा केली आहे’ असे त्यात लिहू नये, निष्कर्षच सांगावा. शीर्षकातले ‘एक तौलनिक अभ्यास’ आणि ‘विशेष संदर्भासह’ काढले की ते निम्मे होते. मात्र या सगळ्यांवर मात करतात त्या जर्नलच्या स्वतःच्या सूचना, त्या छापून टेबलावर ठेवा. काय काय कळवले पाहिजे याची एपीएची जी मानके २०१८ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली, ती फॉरमॅटपेक्षा जास्त उपयोगी आहेत. संदर्भसूचीतली प्रत्येक नोंद डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून तपासा, विशेषतः चॅटबॉटची मदत घेतली असेल तर. अस्तित्वात नसलेले लेख तो सफाईने रचून देतो. अशी मदत घेतल्याचे जाहीर करणे आता बहुतेक प्रकाशक मागतात, आणि चॅटबॉटला लेखक म्हणून नाव देता येत नाही.

लेखकांच्या नावांचा विषय अवघड आहे, तरी लिहिते. एपीएच्या आचारसंहितेनुसार प्रबंधावर मुख्यतः आधारलेल्या लेखात, अपवादात्मक परिस्थिती सोडता, विद्यार्थ्याचे नाव पहिले असते. गाइडनी खरोखर काम केले असेल तर त्यांचे नाव दुसरे घालावे. मला एकदा, विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या एका वरिष्ठांचे नाव ‘घालून टाका’ असे सांगण्यात आले होते आणि मी ते घातले. आजही तो लेख कोणाला दाखवताना मला संकोच वाटतो. स्वतःचे नाव कोणत्या रूपात छापायचे ते एकदाच ठरवा आणि ओआरसीआयडी या संशोधकांच्या ओळखनोंदणीचा सोळा अंकी क्रमांक काढा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या माझ्यासारख्यांचे निम्मे लेख दुसऱ्याच बाईचे वाटतात. संपर्कासाठी नोकरी बदलली की बंद पडणारा महाविद्यालयाचा पत्ता एकटा देऊ नका.

जर्नल निवडताना ‘यूजीसी केअरमध्ये (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीत) आहे का’ हा प्रश्न आता उरलेला नाही, ती यादी २०२५ मध्ये बंद झाली. तुम्ही ज्यांचे लेख उद्धृत केले आहेत ते कुठे छापले गेले, हे पाहणे जास्त भरवशाचे. आठ दिवसांत स्वीकृती आणि खात्यात पैसे भरा, असा व्हॉट्सॲपवर निरोप आला तर तो सरळ खोडून टाका. प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला असेल तर साम्य तपासणीत तुमचाच मजकूर जुळेल; हा लेख प्रबंधावर आधारित आहे असे पत्रात लिहिले की संपादकांचा गैरसमज होत नाही. आणि एका वेळी एकाच जर्नलला पाठवा.

पाठवण्याच्या दिवशी दोन कामे उरतात. लेखकांची ओळख झाकून परीक्षण होत असेल, तर शीर्षकाचे पान, आभार, नीतिसमितीच्या संस्थेचे नाव आणि वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत दडलेले तुमचे नाव, हे सगळे काढा. आणि जर्नलचे पोर्टल सगळ्या फाइल जोडून जी पीडीएफ तयार करते ती शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहा. आमच्या परिशिष्टातली मराठी विधाने तिथे नुसते चौकोन होऊन गेली होती. ते पान आधी स्वतंत्र पीडीएफ करून पुन्हा चढवले, तेव्हा कुठे मापनी वाचता आली.