समुद्रात विषारी शेवाळ पसरलं तर किनाऱ्यावरच्या गावांच्या कमाईवर खरंच फरक पडतो का? मासे तर दुसरीकडे जाऊनही पकडता येतात.

फरक पडतो, आणि ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही त्यांच्यावर सगळ्यात जास्त पडतो. मी सोलापुरात मासळीचा धंदा करतो. सुरमई, बांगडा रत्नागिरीकडून बर्फात येतो, चिलापी, रोहू, कटला उजनी धरणाचा. त्यामुळे पाण्याचा रंग बदलला की पैशाचं काय होतं, ते रोजच्या गल्ल्यावर दिसतं.

आधी हे घडतं कसं ते सांगतो. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती, म्हणजेच बारीक शेवाळ, कायमच असतात. माशांचं सगळं खाणं शेवटी त्यांच्यावरच अवलंबून असतं. पण पाणी गरम आणि संथ राहिलं, त्यात खोलातून वर आलेली किंवा नदीतून वाहत आलेली नत्र-स्फुरदाची खुराक मिळाली, की एखादीच जात बेसुमार वाढते. पाणी लाल, तपकिरी किंवा हिरवं दिसायला लागतं. काही जाती विष तयार करतात. काही विषारी नसतात, पण मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. २०१९ मध्ये मन्नारच्या आखातात नॉक्टिल्युका नावाचा जीव असाच माजला होता आणि मेलेले मासे किनाऱ्याला लागले होते. कोकणात रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा बघायला गर्दी होते, ती चमकही बहुतेक वेळा ह्याच नॉक्टिल्युकाची असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मोठा ट्रॉलर डिझेल टाकून लांब जाईल. पण ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडणारी, वाळूत हात घालून तिसऱ्या (छोट्या शिंपल्या) काढणारी बाई कुठे जाणार? आणि विषाचा सगळ्यात मोठा धोका नेमका तिच्याच मालात असतो. शिंपल्यातले जीव दिवसभर पाणी गाळून खातात, विष त्यांच्या मांसात साठत जातं आणि ते स्वतः मात्र ठणठणीत राहतात. वासाने, चवीने काही कळत नाही. शिजवून, तळून, कशानेही ते विष जात नाही. केरळात विळिंजमला १९९७ च्या सप्टेंबरमध्ये अशा शिंपल्या खाऊन ७ माणसं दगावली आणि ५०० हून जास्त लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. एवढं झाल्यावर त्या भागातला शिंपला कोण विकत घेईल?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ह्या भीतीबद्दल. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार झाल्याचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले की गिऱ्हाईक पाटीसमोर उभं राहून पहिला प्रश्न विचारतं, "उजनीचा का ओ? मग नको बघा." मासा ताजा आहे, कल्ला लाल आहे, डोळा स्वच्छ आहे, तरी हात मागे जातो. मग ते तळ्यातला माल मागतात, नाहीतर चिकनच्या दुकानात जातात. लिलावात भाव पडतो आणि तो फटका सरळ होडीवाल्या भोई कुटुंबाला बसतो. बर्फ, जाळं, उचल ह्यांचा खर्च तेवढाच राहतो. समुद्रकिनाऱ्यावर हेच शंभरपटीने होतं. एका जातीच्या शिंपल्यात विष निघालं तरी बाजार त्या बंदरातल्या प्रत्येक माशाला घाबरतो.

चिलीमध्ये २०१६ साली काय झालं ते वाचण्यासारखं आहे. वर्षाच्या सुरुवातीला शेवाळामुळे पिंजऱ्यात पाळलेले सुमारे ४० हजार टन सॅल्मन मासे मेले. त्यातले हजारो टन कुजलेले मासे सरकारी परवानगीने लांब समुद्रात टाकले. काही आठवड्यांनी चिलोए बेटाच्या बाजूला दुसऱ्याच विषारी जातीचं शेवाळ पसरलं आणि शिंपले काढण्यावर बंदी आली. मच्छीमारांचा संशय सरळ त्या टाकलेल्या माशांवर गेला. त्यांनी टायर पेटवून बेटाचे रस्ते अडवले, आठवड्यांमागून आठवडे आंदोलन चाललं. सरकारने मदत जाहीर केली, ती तुटपुंजी आहे म्हणून भांडण आणखी वाढलं. कंपन्यांचा तोटा मोठा होता हे खरं, पण त्यांच्याकडे विमा असतो, बँक असते. हातावर पोट असलेल्याचा हंगाम गेला तर तो सावकाराच्या दारात जातो.

पर्यटनाचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०१७ च्या अखेरीस सुरू झालेलं लाल शेवाळ २०१९ पर्यंत टिकलं. त्याचं विष लाटांच्या तुषारांबरोबर हवेत येतं आणि नुसतं किनाऱ्यावर उभं राहिलं तरी खोकला लागतो. मग हॉटेलं भरणार कशी?

आणि सोलापूरकरांनी हा विषय परका समजू नये. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, उसाला टाकलेलं खतही येतं, आणि तेच पाणी आपण पितो. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये तलावातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष नळाच्या पाण्यात सापडलं. लाखो लोकांना पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं आणि उकळूनही घेऊ नका अशी ताकीद होती, कारण उकळल्याने पाणी आटतं, विष तसंच राहतं.

माझ्या मते नुकसान कमी करण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वरचेवर पाण्याची आणि शिंपल्यांची तपासणी करून निकाल स्पष्ट भाषेत जाहीर करणं. कुठल्या खाडीतला, कोणता माल बंद आणि बाकीचा कोणता बिनधास्त खा, हे वेळेवर कळलं तर अख्ख्या बंदराचा धंदा बुडत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था उपग्रहावरून अशा शेवाळाची माहिती देते. ती माहिती गावच्या मच्छीमार सोसायटीपर्यंत मराठीत पोचायला हवी, आणि बंदीच्या दिवसांची भरपाई शिंपले वेचणाऱ्या बायकांनाही मिळायला हवी. होडीचा परवाना त्यांच्या नावावर नसतो, म्हणून मदतीच्या यादीत त्या सहसा येतच नाहीत.

तुम्ही कोकणात फिरायला जाणार असाल तर पाण्याचा रंग लाल-तपकिरी दिसत असताना स्वतः वेचलेल्या शिंपल्या खाऊ नका. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठ, जीभ, बोटं बधिर व्हायला लागली तर घरगुती उपाय करत बसू नका. ह्या विषावर उतारा नाही, पण श्वासाला यंत्राचा आधार वेळेत मिळाला तर माणूस वाचतो. मोठ्या दवाखान्यात जा आणि काय खाल्लं, कुठलं होतं, ते डॉक्टरांना आधी सांगा.