शेततळ्यात स्टर्जन पाळला तर तो मासा वाचेल का?

प्रश्न : सर नमस्कार, मी टेंभुर्णीजवळचा. अर्ध्या एकराचं कागद अंथरलेलं शेततळं आहे, आत्ता कटला-रोहू सोडलेत. मोबाईलवर एक रील बघितली, स्टर्जन नावाच्या माशाची काळी अंडी लई महाग जातात म्हणे, आणि तो मासा संपायलाय म्हणून जो पाळेल तो त्याला वाचवतोय असंपण त्यात सांगितलंय. खरंय का ओ? आपल्याकडं जमेल का?
– एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. नाही जमत. हा थंड पाण्यातला मासा, पाणी 25 अंशांच्या वर राहिलं की त्याचे हाल सुरू, आणि मे महिन्यात दुपारी तुमच्या शेततळ्यात हात घालून बघा, अंघोळीला काढल्यासारखं पाणी असतं. शेडमध्ये चिलर लावून करतात काही जण, पण लाईट बिल आल्यावर तुम्ही मलाच शिव्या घालाल. वर परदेशी मासा आणायला केंद्राची परवानगी लागते, आणि ती का लागते ते उजनीतल्या मच्छीमारांना विचारा, शोभेच्या टाकीतला सकर मासा कुणीतरी पाण्यात सोडून दिला आणि आता तो काटेरी गडी यांची जाळी फाडतोय.

आता रीलचं. अर्धं खरंय. ती काळी अंडी म्हणजे कॅव्हियार, आपण गाभोळी म्हणतो तीच की. त्या गाभोळीपायी आणि नद्यांवरच्या धरणांपायी हा मासा संपत आला. 2022 साली आययूसीएननं (निसर्ग जपणारी जागतिक संघटना) यादी केली तेव्हा उरलेल्या 26च्या 26 जाती धोक्यात निघाल्या, आणि चीनमधल्या यांगत्से नदीतला यांगत्से स्टर्जन तर नदीतून गेलाच, आता आहे तो फक्त पाळलेला. म्हणजे तिथं मत्स्यपालन नसतं तर ती जात पुसलीच गेली असती, हे मान्य करायला पाहिजे. शिवाय आज बाजारात कायदेशीर विकला जाणारा बहुतेक कॅव्हियार पाळलेल्या माशाचाच असतो, सगळ्यात जास्त चीनमधला.

पण गाभोळीसाठी पाळणं वेगळं आणि नदीत सोडण्यासाठी पाळणं वेगळं. गाभोळीवाला पटकन वाढणारा मासा बघतो, दोन जातींचा संकर करतो (बेलुगा आणि स्टर्लेट या स्टर्जनच्याच दोन जाती, त्यांचा बेस्टर त्यातलाच), तसला मासा पळून नदीत गेला तर उरलेल्या अस्सल माशांत भेसळ. नदीसाठी वाढवणारे मात्र कुठल्या मादीची पिल्लं कुठली याची वही ठेवतात, भावाबहिणींची जोडी लागू नये म्हणून, आणि शक्यतो त्याच नदीच्या पाण्यात वाढवतात म्हणजे मोठा झाल्यावर मासा तिथंच परत येईल. बाहेरून नर-मादी कळत नाही म्हणून चक्क सोनोग्राफी करतात! अंडी एवढी चिकट की गोळा होऊन कुजतात, मग ती बारीक मातीच्या पाण्यात हलक्या हातानं घोळून चिकटपणा काढायचा, आपली मुलतानी मातीपण चालते त्याला. आणि बेलुगाची मादी वयात यायलाच 15 वर्षांच्या वर लागतात, आज अंगणवाडीत असलेलं पोरगं कॉलेज संपवेल तोवर.

एवढं करून नदीत सोडलं तरी जायचं कुठं? चीननं 1981 साली यांगत्सेवर गेझूबाचं धरण घातलं आणि चिनी स्टर्जनची वर अंडी घालायला जायची वाटच बंद झाली, त्यानंतर लाखो पिल्लं सोडली तरी तो आजही संपण्याच्या कडेलाच आहे. रशियातल्या व्होल्गा नदीवरच्या धरणांनी बेलुगाचं तेच केलं. हॅचरी, म्हणजे पिल्लं तयार करायचं केंद्र, वेळ काढून देते हो, नदी नाही देत. म्हणून मला त्या रीलचा राग येतो, कॅव्हियार विकायचा आणि वर पुण्य पण घ्यायचं.

आपल्याकडचं बघायचं असेल तर लोणावळ्याला जा, वळवणला टाटा पॉवरवाले 1970च्या दशकापासून महसीर माशाची पिल्लं तयार करून सोडतायत, विचारून आत जायला मिळालं तर बघून या. शेततळ्यात मात्र कटला-रोहूच राहू द्या, सोबत सायप्रिनस (कॉमन कार्प) टाका, तळाचं खाद्य वाया जात नाही. आणि मे महिन्यात पहाटे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर खाद्य बंद करून आधी मोटर लावा, पाणी वरून पडू द्या, ऑक्सिजन कमी पडलेला असतो.