पब्लिक पॉलिसी शिकून पोट भरेल का?

टेक्सासमधल्या केटीहून एका आईचं पत्र आहे. मुलगी अकरावीत. मेक्सिकन मैत्रिणीबरोबर शनिवारी फूड बँकेत जाते आणि आता म्हणते, “मला लीना हिडाल्गोसारखं काम करायचंय.” आईचे दोन प्रश्न: पब्लिक पॉलिसी, म्हणजे सार्वजनिक धोरण, शिकून पोट भरेल का, आणि लॅटिना (लॅटिन अमेरिकन वंशाच्या) मुलींच्या त्या जगात आपल्या मुलीला कोण विचारणार?

ताई,

हिडाल्गोबाईंच्या गोष्टीचं मुलीने तुम्हाला बहुधा शेवटचं पान दाखवलंय. जन्म १९९१चा, बोगोताचा. लहानपणीच कोलंबिया सुटलं. पेरू, मेक्सिको करत २००५मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं. शाळा तुमच्याच केटीतली, सेव्हन लेक्स. पुढे स्टॅनफर्डला राज्यशास्त्र, २०१३मध्ये नागरिकत्व. २०१८मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्या हॅरिस काउंटीच्या, म्हणजे ह्यूस्टन ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या, जज म्हणून निवडून आल्या. हा जज निवाडे देत नाही बरं का! आपला जिल्हा परिषद अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी एकत्र केले, तर साधारण असं पद होईल. बजेट, पूर, वादळ सगळं त्याच्याकडे, आणि लोकसंख्या ४७ लाखांवर. निवडणुकीसाठी त्यांनी कायदा आणि धोरणाचा जोडअभ्यासक्रम मध्येच थांबवला होता. हे मुलीला आत्ताच सांगू नका.

मला त्यांच्या वाटेवरचं मोलाचं वाटतं ते ह्यूस्टनच्या टेक्सास मेडिकल सेंटर या रुग्णालय-संकुलातलं दुभाष्याचं काम. डॉक्टर सहज म्हणतात, “उद्या सकाळी उपाशीपोटी या.” समोरच्या बाईची सकाळची पाळी बुडाली की त्या दिवसाची मजुरी गेली. धोरण कागदावर कितीही चांगलं असो, ते कुठे अडतं हे अशा खोलीत कळतं. २०१९मध्ये ह्यूस्टनजवळच्या डिअर पार्कला रसायनांच्या टाक्या पेटल्या तेव्हा त्या इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही बोलल्या. त्यावर शेजारच्या काउंटीतल्या एका कमिशनरने हे मेक्सिको नव्हे, असं सुनावलं. म्हणजे भाषेचं वजन विरोधकांनाही कळतं. तुमची लेक लॅटिना नाही, पण स्पॅनिश शिकू शकते. परीक्षेपुरती नको, एखाद्या आजीचा अर्ज भरून देता येईल इतकी.

आता पोटाचं. टेक्सासच्या आमदाराचा पगार महिना ६०० डॉलर आहे, तेव्हा निवडणूक हे करिअर धरू नका. नोकऱ्या शहराच्या बजेट खात्यात, सार्वजनिक रुग्णालयांत, आमदारांच्या कार्यालयांत, संस्थांमध्ये असतात. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा कमीच. म्हणून राज्यशास्त्राबरोबर संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्यायलाच लावा. आकडे वाचता येणारी माणसं या क्षेत्रातही हवीच असतात. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतर पीपीआयए या संस्थेची धोरण शिकवणारी उन्हाळी शाळा, पुढे हवं तर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचं धोरणाचं एलबीजे स्कूल. मेक्सिकन मैत्रिणीला लॅटिनो विद्यार्थ्यांसाठीच्या काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस इन्स्टिट्यूटची वॉशिंग्टनमधली मानधनाची इंटर्नशिप सांगा, कॉलेजात गेल्यावर तिच्या उपयोगी पडेल.

आणखी एक. २०२३मध्ये हिडाल्गोबाईंनी नैराश्यावरच्या उपचारांसाठी जाहीरपणे सांगून रजा घेतली होती. कामाचा हा भागही लेकीला माहीत असू दे.

सध्या एकच करा. काउंटीच्या कमिशनर्स कोर्टाच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. नावात कोर्ट असलं तरी ते काउंटीचा कारभार पाहणारं मंडळ आहे. पाच जण बसतात, नाव नोंदवलं की सामान्य माणसालाही काही मिनिटं बोलता येतं. सुट्टीत दोघी जा. पहिल्या खेपेला नुसतं ऐका. दुसऱ्या खेपेला तिने फूड बँकेवर बोलावं; आदल्या रात्री घड्याळ लावून तुमच्यासमोर एकदा तालीम, तीही मराठीत.