ऑनलाइन मार्केटिंग करून बिझनेस बाहेरच्या देशांत कसा वाढवायचा?

पहिलं म्हणजे सगळं जग एकदम टार्गेट करू नका, पैसे असे उडतात की कळतही नाही. आधी तुमच्या साइटचं गूगल सर्च कन्सोल उघडा (गूगल सर्चमधून साइटवर कोण येतं ते दाखवणारं गूगलचं टूल), त्यात देशानुसार क्लिक दिसतात, जिथून काही न करताच लोक येतायत तो देश पहिला घ्या, मग गूगल ट्रेंड्सवर त्या देशात लोक नेमका कोणता शब्द वापरून शोधतात ते बघा.

भाषेचं मात्र नीट करा. मशीनने केलेलं भाषांतर जसंच्या तसं टाकलं की गिऱ्हाईक दोन ओळीत ओळखतं आणि निघून जातं, तिथल्याच माणसाकडून लिहून घ्या, आणि प्रत्येक भाषेच्या पानावर एचरेफलँग (hreflang) टॅग, म्हणजे पान कुठल्या भाषेचं आहे ते सांगणारी कोडमधली खूण, लावा म्हणजे कोणाला कुठलं पान दाखवायचं ते गूगलला समजतं. आणि हो, सगळीकडे गूगलच चालतं असं नाही, चीनमध्ये बायडू, रशियात यांडेक्स, दक्षिण कोरियात नेव्हर (Naver) अशी वेगळी सर्च इंजिनं आहेत.

युरोपात विकणार असाल तर जीडीपीआर, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती कशी वापरायची याचा युरोपियन युनियनचा कायदा, वाचाच, २०१८ पासून लागू आहे आणि मोठ्या उल्लंघनाला २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. ईमेल लिस्ट विकत घेऊन मेल मारायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

पेमेंट त्यांच्या चलनात घ्या, कस्टम ड्युटी कोण भरणार ते ऑर्डरच्या आधीच स्पष्ट लिहा, नाहीतर पार्सल परत येतं आणि वर रिव्ह्यू पण खराब पडतो.