शर्यतीत गाडी उलटली की लोक ओरडतात, म्हणजे त्यांना अपघातच बघायचा असतो का?

नाही, बहुतेकांना अपघात नको असतो. कोण पुढं निघतंय याची चुरस हवी असते. सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी मैदानांत निशाणाजवळ उभं राहून पाहिलंय: छकडा उलटला की आधी शिट्ट्या, पण गाडीवान अंग झाडत उठला नाही की सगळे चिडीचूप. "सरका, वारा येऊ द्या" म्हणणारेही तेच शिट्टीवाले! मोटार शर्यतीतला आरडाओरडाही बराचसा दचकण्याचाच. अपवाद मोबाईलवाल्यांचा, ते शूटिंगसाठी चाकोरीत घुसतात, बैल बुजतात. आणि बघ्याला धोका नसतो असं समजू नका. १९५५ साली फ्रान्समधल्या ल माँ मोटार शर्यतीत गाडीचे तुकडे गर्दीत घुसून ८० हून अधिक प्रेक्षक दगावले, तरी शर्यत थांबवली नव्हती.