वाचकांचे प्रश्न : अभंगातली मिरची आणि फिरंग्यांचा परवाना

प्रश्न : आमच्या घरी दर एकादशीला भजन असते. सावता महाराजांच्या ‘कांदा मुळा भाजी’ या अभंगात ‘लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी’ असे चरण आम्ही लहानपणापासून म्हणत आलो आहोत. महाराज तेराव्या शतकातले. मग मिरची कोलंबसानंतर अमेरिकेतून आली, हे म्हणणे खरे कसे मानावे?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मिरची अमेरिकेचीच आहे, आणि तरीही अभंग सावता महाराजांचा मानायला माझी काहीच हरकत नाही. या दोन गोष्टींत जो विरोध दिसतो, तो ‘मिरची’ या शब्दाच्या इतिहासामुळे दिसतो.

प्रथम झाडाविषयी. मिरचीच्या ज्या पाच जाती माणसाने लागवडीखाली आणल्या, त्या सर्वांचे रानटी सोयरे मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या प्रदेशातच सापडतात आणि तिथल्या उत्खननांत मिरचीचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत. आपल्याकडे मात्र चरक आणि सुश्रुत तिखट द्रव्ये म्हणून मिरे, पिंपळी आणि सुंठ यांची नावे घेतात. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यातील पाकक्रिया आपल्याच भागातल्या म्हणाव्यात इतक्या जवळच्या आहेत, पण तिथेही तिखटपणा येतो तो मिरे, आले आणि हिंग यांच्यातून.

आता शब्दाविषयी. संस्कृतातले ‘मरिच’ म्हणजे काळे मिरे, आणि आपली ‘मिरी’ आणि ‘मिरची’ ही दोन्ही नावे त्याच कुळातली आहेत. उत्तरेत आजही काळ्या मिऱ्याला ‘काली मिर्च’ म्हणतात. स्पेनमध्येही अगदी हेच घडले. कोलंबस काळ्या मिऱ्याच्या शोधात निघाला होता आणि कॅरिबियन बेटांवर त्याला भलतेच तिखट फळ मिळाले. तेव्हा मिऱ्याच्या ‘पिमिएंता’ या नावावरूनच स्पॅनिश लोकांनी त्याला ‘पिमिएंतो’ म्हटले. नवी वस्तू दारात आली की माणूस तिला घरातल्या जुन्या वस्तूचे नाव देतो, आणि काही पिढ्यांनी ते नाव मुळात कोणाचे होते हेही विसरतो. आपल्या मालवणी मुलखात आणि गोव्यात मिरचीला ‘मिरसांग’ म्हणतात, त्या शब्दातही मिरी बसलेली आहेच.

तेव्हा महाराजांच्या मूळ ओळीत मिऱ्याच्या कुळातला एखादा शब्द असावा, किंवा शेकडो वर्षे मुखोद्गत चालत आलेल्या त्या अभंगात गाणाऱ्यांनी आपल्या काळातल्या मळ्यातले नाव घातले असावे, असे मला वाटते. संतवाङ्मय गात गातच आपल्यापर्यंत आलेले आहे आणि गाणारा आपल्या डोळ्यांसमोरचा मळाच गातो. भजनात तो चरण बदलावा असे मी मुळीच म्हणणार नाही.

मिरची इतक्या लवकर आपली झाली, याचे कारण व्यवहाराचे आहे. मिरीचा वेल दमट सावलीत पोफळीवर चढवावा लागतो, त्याला फळ यायला काही वर्षे जातात आणि हाती आलेले पीक इतके मोलाचे असते की कुळाने ते खाण्यापेक्षा विकणेच बरे. मिरचीचे मात्र मूठभर बी कागदाच्या पुडीत कुठेही नेता येते, परसातल्या चार वाफ्यांत ते काही महिन्यांत फळते, आणि वाळवून ठेवले की पावसाळाभर पुरते. ज्याला मिरी परवडत नव्हती त्या माणसाला तिखट मिळाले, आणि ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटते. काही घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात आजही मिरची चालत नाही, मिरेच लागतात. मिरची नंतरची आहे, याची आठवण अशा आचारांनी जपली आहे.

आपल्याच एकादशीच्या ताटाकडे पाहावे. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिथलाच, बटाटा आणि रताळे तिथलेच, आणि वरची हिरवी मिरचीही. त्या ताटातली वरी आणि सोलकढीतले कोकम तेवढे आपल्या मातीतले. काजूचेही तेच. त्याचे मूळ ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे आणि ‘काजू’ हा शब्द तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. क्रिस्तोव्हाँव द कोश्ता या वैद्याने १५७८ साली छापलेल्या ग्रंथात कोचीनच्या बागांतला काजू वर्णिला आहे, म्हणजे पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल १५०० साली ब्राझीलला पोचल्यानंतर ऐंशी वर्षांच्या आत हे झाड आपल्या किनाऱ्यावर रुजले होते. आज वेंगुर्ल्याच्या डोंगरउतारावर उभे राहून काजू परका आहे असे कोणाला सांगितले तर त्याला ते पटणार नाही, आणि न पटण्यात चूकही नाही.

पण याच वाटांनी आणखी काय काय गेले, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. १५२० साली मेक्सिकोत देवीची साथ पोचली. त्या रोगाची कधी गाठच न पडलेली माणसे गावेच्या गावे मेली, आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत युद्ध, वेठ आणि रोग यांनी अमेरिकेतल्या मूळ लोकसंख्येचा फार मोठा भाग नाहीसा झाला. ओसाड पडलेल्या जमिनीवर ऊस लावण्यासाठी आणि खाणी चालवण्यासाठी आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे गुलाम म्हणून जहाजांत भरली गेली, त्यांतली सुमारे १८ लाख समुद्रातच मेली. आपल्याकडेही एक नवा रोग आला, तो म्हणजे उपदंश (सिफिलिस). सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात भावमिश्रांनी त्याला ‘फिरंग रोग’ असेच नाव दिले आहे आणि त्यावर चोपचिनी ही औषधी मुळी सांगितली आहे. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्याजोगे आहे की ती चोपचिनीही चीनकडून सागरी व्यापारानेच येत असे.

प्रश्न : वास्को द गामाने भारताचा जलमार्ग ‘शोधला’ असे आम्ही शाळेत शिकलो. पण आमच्या चौल बंदरात तर त्याच्या कितीतरी आधीपासून परदेशी गलबते येत होती. मग त्याने नवीन असे काय केले?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. चौलला अरब लोक ‘सैमूर’ म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या अल्-मसूदी या अरब प्रवाशाने तिथे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे लिहिले आहे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी गामाच्या सुमारे पाव शतक आधी चौललाच उतरला होता. नैर्ऋत्य वाऱ्यांवर यायचे आणि ईशान्य वाऱ्यांवर परतायचे, हे गणित अरबी समुद्रातल्या नाखव्यांना शतकानुशतके पाठ होते. खुद्द गामालाही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अलीकडे येण्यासाठी मालिंदीहून वाटाड्या घ्यावा लागला, आणि त्याच्याच भरवशावर तो मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला. नवी होती ती आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिक आणि हिंदी महासागर जोडणारी वाट. ‘शोध’ हा शब्द तेवढ्यापुरताच वापरावा.

त्याहून मोठी नवी गोष्ट मात्र वेगळीच होती. तोवर बंदरात जकात घेतली जाई, समुद्रावर गस्त घालून चाचे मारले जात, पण या संपूर्ण समुद्रावर माझी मालकी आहे आणि माझ्या परवान्यावाचून कोणी गलबत हाकारू नये, असे येथे कोणी म्हटले नव्हते. पोर्तुगीजांनी ते तोफांच्या बळावर म्हटले. १५०२ साली गामा दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसह जाळले, आणि त्यातून किनाऱ्याला जो निरोप जायचा तो गेला. ‘कार्ताझ’ या त्यांच्या परवान्यावर गलबताचा नाखवा, माल आणि मुक्कामाचे बंदर यांची नोंद असे. मिरी भरायची नाही, पोर्तुगीज बंदरात जाऊन जकात भरायची, आणि कागद नसेल तर गलबत मालासह जप्त. अरबीतल्या ‘किर्तास’, म्हणजे कागद, या शब्दावरून ते नाव आले. आदिलशहा आणि मुघल यांच्यासारख्या जमिनीवरच्या बलाढ्य सत्तांनाही आपल्या जहाजांसाठी ते कागद घ्यावे लागले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

दोनशे वर्षांनी कान्होजी आंग्रे यांनी याच किनाऱ्यावर आपले दस्तक नसलेली गलबते धरायला सुरुवात केली, तेव्हा इंग्रज आणि पोर्तुगीज त्यांना चाचे म्हणू लागले. जो नियम त्यांनी स्वतः या समुद्रावर लादला होता, तोच आंग्र्यांनी कोकणच्या बाजूने वापरला, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्या गावातून खाडीपलीकडे दिसणारा कोर्लईचा किल्ला १७४० साली पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण खालच्या गावातले ख्रिस्ती लोक पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आपली बोली आजही घरात बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. आपण होडीने पलीकडे गेलात, तर ती ऐकायला मिळेल.