पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी येते, काय करावं?

आधी ओल कुठून येते ते शोधा. गच्ची गळत असेल, बाहेरच्या भिंतीला तडा असेल किंवा बाथरूमचा पाइप झिरपत असेल, तर कितीही पुसा, बुरशी परत येणार. वरून रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात, पोपडे निघतातच.

गळती नसेल तर हवा कोंडतेय. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवली की बुरशीला वाढणं अवघड जातं. पण मुंबई-कोकणात जुलैत खिडक्या उघडून हे जमत नाही, बाहेरची हवाच ओली असते. एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा. आणि ओले कपडे त्याच खोलीत वाळत घालू नका (हे कुणी ऐकत नाही!).

पुसताना कोरडा ब्रश नको, बीजाणू घरभर उडतात. मास्क आणि हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, मग भिंत पूर्ण वाळू द्या. ब्लीच वापरलंत तर ते टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. घरात कुणाला दमा असेल तर साफसफाई त्यांनी करू नये.